जवळून पाहणं

मराठीत 'उपेक्षा' या शब्दाला चांगला अर्थ नाही. सुनेची उपेक्षा होते, गुणी गवयाची होते, पडक्या वाड्याची होते. कुणीतरी पाठ फिरवली आणि कुणीतरी मागे राहिलं, एवढंच त्या शब्दातून आपल्याला ऐकू येतं. त्यामुळे बौद्ध ध्यानाची ओळख होताना मैत्री, करुणा, मुदिता या तीन लोभस शब्दांमागून चौथी 'उपेक्षा' आली, की मराठी माणूस थबकतो. मीही थबकले होते. पण कुणाला विचारलं नाही. 'मनाला काही लावून घ्यायचं नाही' असा अर्थ मीच लावला, आणि सात-आठ वर्षं रोज पहाटे बसून त्याच अर्थाचा सराव केला.

तो अर्थ चुकीचा होता, हे कळलं पुरानंतर.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी ३५ फुटांच्या वर चढलं. बडोद्यात राहणाऱ्यांना ते दिवस सांगायला नकोत. वीज गेलेली, सोसायट्यांमध्ये कमरेएवढं पाणी, आणि पाणी ओसरलं तेव्हा कुणाच्या अंगणात मगर. माझ्या भावाचं घर तळमजल्यावर, नदीपासून फार लांब नाही. चिखल उपसायला आम्ही सगळे गेलो. भाचीचा तानपुरा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आडवा पडला होता. भोपळा भिजून मऊ झालेला, दांडीपासून सुटलेला. ती त्याच्याजवळ चिखलातच बसली आणि रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, वस्तूच ती. आज ना उद्या जाणारच."

तिने वर पाहिलं. "आत्या, तू ध्यानाला बसतेस म्हणून शांत आहेस, का तुला काही वाटतच नाही?"

मी आत डोकावून पाहिलं तर तिथे खरंच काही नव्हतं. शांतता नव्हती, दुःखही नव्हतं. थंड, कोरडं काहीतरी होतं. ते घेऊन मी घरी आले आणि पुन्हा मुळापासून वाचायला, जाणत्यांना विचारायला लागले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे, कारण माझ्यासारखी चूक करणारे साधक मला आता पुष्कळ दिसतात.

पालीत शब्द आहे 'उपेक्खा'. संस्कृतातली 'उपेक्षा' तीच. फोड केली तर 'उप' आणि 'ईक्ष्', म्हणजे पाहणं. ज्या ईक्ष् मधून आपण निरीक्षण, परीक्षण, अपेक्षा हे शब्द घेतले, तीच ही धातू. मराठीने या शब्दातून 'न पाहणं' घेतलं, बौद्ध परंपरेने 'नीट पाहणं' घेतलं. पाचव्या शतकात श्रीलंकेत 'विसुद्धिमग्ग' हा ध्यानावरचा मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या बुद्धघोषाने उपेक्खेची व्याख्या करताना म्हटलं आहे, की ती सारखं पाहते, पक्षपातात न पडता पाहते. व्याख्येतली दोन्ही क्रियापदं पाहण्याची आहेत, पाठ फिरवण्याचं एकही नाही.

विसुद्धिमग्गाचं नाव घेतलं की बडोदेकराला धर्मानंद कोसंबी आठवले पाहिजेत. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस बुद्धाचा धर्म शिकायचा म्हणून घर सोडून निघाला. श्रीलंका आणि ब्रह्मदेश पालथे घालून पाली शिकून आला. पुढे महाराष्ट्रात राहून लेखन करावं म्हणून सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले, आणि कोसंबींनी त्यासाठी कलकत्त्याची जास्त पगाराची नोकरी सोडली. हार्वर्डच्या प्राच्यमालेत छापलेल्या विसुद्धिमग्गाच्या संपादनावर त्यांचं नाव आहे. बुद्धाचा विचार मराठीत सरळ मूळ पालीतून आला तो मुख्यतः या माणसामुळे, आणि त्याच्या पोटापाण्याची काही तरतूद आपल्या गावातून झाली. मला याचा अभिमान वाटतो. तो लपवायचं कारण नाही.

त्याच ग्रंथात एक आई आहे. तिला चार मुलगे. एक तान्हा, एक आजारी, एक ऐन तारुण्यात आलेला, आणि एक आपल्या कामधंद्यात गुंतलेला. तान्ह्याने वाढावं असं तिला वाटतं, ती मैत्री. आजाऱ्याने बरं व्हावं, ती करुणा. तरुणाचं तारुण्य टिकावं, त्याने ते उपभोगावं, ती मुदिता. आणि चौथ्याच्या बाबतीत ती खटपट करत नाही. तो आपल्या कामात आहे, ठीक आहे. ती उपेक्खा.

या दाखल्यापाशी मी बरेच दिवस थांबले. चौथा मुलगाही तिचाच आहे. त्याच्यावरचं प्रेम कमी झालेलं नाही. दाराची कडी वाजली तर ती उठेलच. फक्त त्याच्या आयुष्याचा लगाम आपल्या हातात ठेवण्याची धडपड तिने सोडली आहे. मुलगा पुण्याला किंवा टोरंटोला नोकरीला गेल्यावर रोज रात्री 'जेवलास का' विचारणाऱ्या आया आपल्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात घरोघरी आहेत. त्यांना मी उपेक्खा समजावते तेव्हा याच आईपासून सुरुवात करते, आणि त्यांना ती लगेच कळते. मैत्री, करुणा, मुदिता या तिन्ही शिकून झाल्यावर चौथी येते. प्रेम न करता थेट चौथ्या पायरीवर उडी मारली तर हाती येतो नुसता कोरडेपणा. माझ्या हाती तोच आला होता.

बुद्धघोषाला हा धोका ठाऊक होता. प्रत्येक चांगल्या वृत्तीचे तो दोन शत्रू सांगतो, एक लांबचा आणि एक जवळचा. लांबचा शत्रू डोंगरकपारीत लपलेला असतो, तो शत्रू आहे हे आपल्याला माहीत असतं. जवळचा आपल्याबरोबर हिंडतो, मित्रासारखा दिसतो. उपेक्खेचे लांबचे शत्रू म्हणजे आसक्ती आणि चीड. जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातली उदासीनता, 'मला काय त्याचं'. दोघींचे चेहरे इतके सारखे, की बाहेरून ओळखू येत नाहीत. आतून मात्र ओळखता येतात. उपेक्खेत समोरचं माणूस स्पष्ट दिसत असतं. उदासीनतेत ते धूसर होत जातं. पुराच्या दिवशी मला तानपुरा दिसत होता, भाचीचा चेहरा दिसत नव्हता.

आता यंत्रणा. मन हलतं कसं, हे कळल्याशिवाय ते स्थिर कसं होतं हे कळत नाही.

डोळ्यांना काही दिसलं, कानावर काही पडलं, त्वचेला काही लागलं, की त्याला लगेच एक चव येते. तिला पालीत 'वेदना' म्हणतात. मराठीतली वेदना म्हणजे दुखणं, पालीतली म्हणजे कुठलीही जाणवणारी चव. (हा दुसरा शब्द जो आपल्याला फसवतो.) ती तीन प्रकारची असते: सुखद, दुःखद, आणि जी सुखदही नाही दुःखदही नाही अशी. मी स्वतःपुरती नावं ठेवली आहेत: गोड, कडू, अळणी. चव आली की तिच्यामागून हात पुढे होतो. गोड असेल तर 'अजून', कडू असेल तर 'नको', अळणी असेल तर मन तिथून निघूनच जातं. या पुढे होणाऱ्या हाताला तण्हा म्हणतात, म्हणजे तृष्णा. बुद्धाच्या कार्यकारणाच्या साखळीत वेदना आणि तण्हा या लगतच्या कड्या आहेत, आणि ध्यानाचं सारं काम त्या दोन कड्यांमधल्या फटीत चालतं. चव येणारच, ती आपल्या हातात नाही. हात पुढे करायचा का, हे पुष्कळदा असतं, पण चव आल्याचं वेळेवर कळलं तरच.

ते वेळेवर कळणं म्हणजे 'सति'. संस्कृतात स्मृती. आपण तिला सजगता, जागरूकता म्हणतो. 'स्मृती' या नावात एक खूण आहे: आत्ता काय चाललं आहे हे विसरू नये, एवढंच काम.

मग उपेक्खेतली समता म्हणजे चव न लागणं का? नाही. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण पालीत एकच 'उपेक्खा' शब्द अळणी वेदनेलाही वापरतात आणि मनाच्या समतोलालाही. विसुद्धिमग्ग उपेक्खेचे दहा अर्थ मोजतो तो यासाठीच. अळणी वेदना म्हणजे नुसती चव. ती कुणालाही येते, त्यासाठी साधना लागत नाही. मनाची समता म्हणजे गोड, कडू, अळणी तिन्ही पूर्ण लागत असताना तोल न जाणं. बुद्धाने दोन बाणांचा दाखला दिला आहे: साध्या माणसाला एक बाण लागतो आणि लगेच दुसरा, स्वतःच्याच तडफडीचा; ज्ञानी माणसाला एकच. तो एक बाण मात्र लागतो. दुखतं. भाचीला तानपुऱ्याचं वाईट वाटणं हा पहिला बाण होता. तो काढून टाकायचा उपदेश मी तिला करत होते, आणि तो कोणत्याही सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या प्रवचनात, नाही.

अळणी वेदनेबद्दल एक सुंदर संवाद मज्झिम निकाय या सुत्तांच्या संग्रहात आहे. धम्मदिन्ना नावाची भिक्षुणी आणि विसाख नावाचा उपासक यांच्यातला. परंपरा सांगते की विसाख हा तिचा पूर्वाश्रमीचा नवरा. तो विचारतो, ती उत्तर देते. ती म्हणते, सुखद वेदनेखाली आसक्ती दबा धरून असते, दुःखद वेदनेखाली चीड, आणि ना सुखद ना दुःखद अशा वेदनेखाली अज्ञान. मग ती सांगते की ही तिसरी वेदना जाणली तर सुख, न जाणली तर दुःख. पुढे विसाख हा सारा संवाद बुद्धाला जाऊन सांगतो, तेव्हा बुद्ध म्हणतात, मला विचारलं असतंस तर मीही हेच सांगितलं असतं.

आपल्या दिवसातला सर्वांत मोठा भाग अळणी असतो. गवार मोडणं, बँकेत टोकन घेऊन बसणं, फतेगंजच्या पुलावर वाहनांच्या रांगेत थांबणं. तिथे मन कंटाळतं, म्हणजे निघून जातं, मोबाइल काढतं. धम्मदिन्नेचं म्हणणं असं, की त्या अळणी क्षणालाच जाणिवेची जोड दिली तर तो सुखाचा होतो. सतीचं वर्णन करताना बुद्धघोष तिला सगळ्या कालवणांत लागणाऱ्या मिठाची उपमा देतो. स्वयंपाक करणाऱ्याला याहून जास्त समजवायची गरज नाही. मी गवार मोडताना हे करून पाहते. शेंगेचा देठ तुटतानाचा बारीक आवाज, बोटाला लागणारी लव, हिरवट वास. पाच मिनिटं पुरतात. कंटाळ्याच्या जागी जे येतं त्याला मी आनंदच म्हणेन, जरी तो फार बेताचा असला तरी.

आणि इथून आनंदाकडे येते, कारण माझी खरी चूक तिथेच होती.

ध्यान म्हणजे गंभीर काम, सुखाला भुलायचं नाही, असं मी धरून चालले होते. तसं वाटणारी मी पहिली नाही. खुद्द सिद्धार्थाला तसं वाटलं होतं. सहा वर्षं शरीर झिजवून, उपास करून, हाडं दिसायला लागल्यावर त्याला लहानपणची एक आठवण झाली. वडील कामात होते, तो जांभळाच्या गार सावलीत बसला होता, आणि मन आपोआप शांत होऊन प्रीतीने भरून गेलं होतं. मग त्याने स्वतःला विचारलं: जे सुख भोगातून आलेलं नाही, ज्यात काही वाईट नाही, त्या सुखाला मी का भितो आहे? त्या प्रश्नानंतर त्याने अन्न घेतलं आणि वाट बदलली. बोधिवृक्षाचं सर्वांना ठाऊक असतं. माझ्या मते बौद्ध ध्यानाची दिशा त्याच्याही आधी जांभळाच्या झाडाखाली ठरली.

या आनंदाला पालीत 'पीति' म्हणतात, आपली प्रीती, पण अर्थ हर्षाच्या जवळचा. तिच्या शेजारी 'सुख'. दोघांत फरक काय, ते विसुद्धिमग्गात असं येतं: वाळवंटात थकलेल्या माणसाला रानाच्या कडेला पाणी असल्याचं दिसलं किंवा कळलं, तेव्हा जे उसळतं ती पीति. तिथे पोचून तो सावलीत शिरला, पाणी प्याला, तेव्हाचं ते सुख. मे महिन्यात दुपारी स्टेशनवरून घरी येताना वळणावर ऊसरसाची गाडी दिसते, तेव्हाची उसळी आणि पहिला घोट पोटात गेल्यानंतरचं निवणं, इतका सोपा तो फरक आहे. पीतीच्या पाच जाती सांगितल्या आहेत, अंगावर काटा येण्यापासून सर्वांगात भरून राहण्यापर्यंत. त्या मोजत बसायची गरज नाही. काटा आला तर आला म्हणावं, पुढे जावं.

महत्त्वाचा आहे तो क्रम. जागं होण्याची सात अंगं बुद्धाने सांगितली, त्यांना बोज्झंग म्हणतात: सति, धम्मविचय म्हणजे आत काय चाललं आहे याची पारख, वीरिय म्हणजे उत्साह, पीति, पस्सद्धि म्हणजे शांतावणं, समाधी, आणि उपेक्खा. सति पहिली, पीति चौथी, उपेक्खा सातवी. आनंद वाटेत येतो आणि समता त्याच्या पुढे. मी पहिल्यावरून थेट सातव्यावर गेले होते.

त्यावर एक सुत्त आहे, अग्नीचं. मन मरगळलेलं असेल तेव्हा पस्सद्धि, समाधी, उपेक्खा यांची वेळ नसते. विझत आलेल्या छोट्या जाळावर कुणी ओलं गवत, ओली लाकडं टाकली तर तो पेटेल का? त्या वेळी पारख, उत्साह, पीति हवी, म्हणजे सुकं गवत हवं, फुंकर हवी. उलट मन भडकलेलं असेल तेव्हा सुकं गवत नको, तेव्हा शांतावणं आणि समता हवी. सति मात्र सर्वत्र उपयोगी. हे मी वाचलं तेव्हा हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. आईच्या जाण्यानंतरच्या मरगळीत मी ध्यानाला लागले होते. विझू घातलेल्या जाळावर इतकी वर्षं मी ओलं गवत टाकत होते, आणि धूर कमी झाला की त्याला शांती म्हणत होते.

आता बसण्याबद्दल. मी जसं बसते तसं सांगते. वेळ वीस मिनिटं, खुर्चीवर बसलं तरी चालतं, पाठ ताठ पण ताठरलेली नाही. पहिली काही मिनिटं फक्त श्वास, नाकपुडीपाशी किंवा पोटापाशी, जिथे सहज लागेल तिथे. तो लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. बदलायचा नाही. मन जाईलच. गेलेलं कळलं की तो क्षण सतीचाच, त्यावर स्वतःला रागावण्याचं कारण नाही. मग चवीकडे लक्ष: गुडघ्यात कडू, पंख्याच्या वाऱ्यात गोड, डाव्या कोपरात अळणी. नाव ठेवायचं आणि पाहायचं, चव वाढते, कमी होते, का सरते. हीच ती फट. इथे घाई करू नये.

यानंतर जे मी आधी करत नव्हते ते. श्वासाच्या स्मृतीवरच्या सुत्तात सोळा पायऱ्या आहेत. त्यांतली पाचवी पीति अनुभवत श्वास घ्यायची आहे, सहावी सुख अनुभवत, आणि दहावी चित्ताला प्रसन्न करत श्वास घ्यायची. मूळ साधनेतच प्रसन्न करणं हे काम म्हणून दिलेलं आहे. ते करायचं कसं? श्वास जरा मऊ झाला की तळव्यांत, छातीत किंवा चेहऱ्यावर कुठेतरी बारीकसं बरं वाटत असतं. आपण एरवी ते सोडून गुडघ्याकडे धावतो. तिथे थांबायचं. ओढायचं नाही, वाढवायचं नाही, फक्त त्याला जागा द्यायची. काहीच बरं वाटत नसेल तर आपण कधी मनापासून केलेलं एखादं देणं आठवायचं. चागानुस्सति म्हणतात त्याला, त्यागाची आठवण. पुरात कुणाला नेऊन दिलेला खिचडीचा डबा पुरतो. मला आधी हे स्वतःचं कौतुक वाटायचं. आता वाटतं, केलेलं चांगलं विसरून जाणंही एक प्रकारची बेफिकिरीच आहे.

शेवटची पाच मिनिटं उपेक्खा. परंपरेत तिची सुरुवात जवळच्या किंवा नावडत्या माणसापासून करत नाहीत, मधल्या माणसापासून करतात, ज्याच्याबद्दल आपल्याला विशेष काही वाटत नाही. सोसायटीचा वॉचमन, रोजचा दूधवाला. त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा आणि मनात म्हणायचं, प्रत्येक जीव आपल्या कर्माचा धनी आहे. या वाक्याचा अर्थ 'भोगा आपल्या कर्माची फळं' असा लावू नका. तसा लावला की जवळचा शत्रू आत आलाच. अर्थ असा, की तुमच्या सुखासाठी मी झटेन, पण तुमचं आयुष्य मी जगू शकत नाही. मधल्या माणसाबद्दल हे साधलं की मग प्रिय माणसाकडे, आणि सर्वांत शेवटी ज्याच्याशी बिनसलं आहे त्याच्याकडे. मला प्रिय माणूस अजून जड जातं.

मुदितेला बडोद्यात वर्षातून एक मोठी परीक्षा असते, १४ जानेवारीला, गच्चीवर. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या आनंदाने आनंदणं. तिचा जवळचा शत्रू म्हणजे घरचा, आपल्या लाभाचा आनंद. आपल्या मुलाने पतंग कापला की आपण 'काप्यो छे' ओरडतो, तो हा घरचा आनंद. त्यात काही वाईट नाही, पण ती मुदिता नव्हे. समोरच्या गच्चीवरच्या सात-आठ वर्षांच्या पोराने आपला पतंग कापला, ते नाचायला लागलं, आणि हातात सैल पडलेला मांजा असताना ते नाचणं पाहून आपल्याला बरं वाटलं, तर ती मुदिता. गेल्या उत्तरायणात मला ती क्षणभर आली. मग फिरकी गुंडाळताना गेली. क्षणभर का होईना, आल्याचं कळलं.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे: समता बाळगायची तर अन्यायाचं काय? आपल्या कमाटी बागेतच याचं उत्तर शोधावं लागतं. सप्टेंबर १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले. शिक्षणासाठी मदत संस्थानने केली होती, पण गावात राहायला जागा मिळेना. पारशी सराईतून लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं, ओळखीच्यांनी नकार दिला, आणि मुंबईची गाडी येईपर्यंत ते या बागेत बसून राहिले. ती जागा आज संकल्पभूमी आहे, आणि २३ सप्टेंबरला तिथे लोक जमतात. त्या दिवसाकडे पाहून कुणी 'समता ठेवा' असा उपदेश केला तर तो मला सहन होणार नाही. जे झालं ते चूक होतं आणि त्याला चूकच म्हटलं पाहिजे. पण मराठीत 'समता' या शब्दाला दोन अर्थ आहेत हे मला तिथे बसल्यावर जाणवतं. ध्यानवर्गात समता म्हणजे मनाचा तोल, संकल्पभूमीवर समता म्हणजे माणसामाणसांत भेद न करणं. बुद्धघोषाची व्याख्या पुन्हा वाचा: पक्षपातात न पडता पाहते. दोन्ही अर्थ तिच्यात मावतात. ज्याला स्वतःच्या आवडीनिवडीपलीकडचं दिसत नाही, त्याला दुसऱ्यावरचा अन्याय दिसणार कसा?

एक सावधगिरी मात्र मनापासून. ज्यांना खोल नैराश्य आहे, झोप पार उडाली आहे, किंवा एखादा जुना आघात डोळे मिटले की समोर येतो, त्यांनी दहा दिवसांच्या मौन शिबिराने सुरुवात करू नये. आधी डॉक्टर. औषध चालू असेल तर ध्यान सुरू केलं म्हणून ते बंद करू नये. बसल्यावर अस्वस्थता वाढतच गेली तर उठावं, चालावं, कुणाशी बोलावं. चालतानाही सति राहते.

तानपुरा मिरजेला पाठवला. तिथल्या कारागिरांनी नवा भोपळा बसवला, जुनी दांडी वाचली. परत आला तेव्हा भाचीने मला बोलावलं. ती तारा लावत होती, मी बाजूला बसले. सोण नावाच्या भिक्षूची गोष्ट मला आठवली. श्रीमंत घरचा, नाजूक पायांचा. चालत ध्यान करता करता त्याच्या पायांतून रक्त आलं आणि हे आपल्याच्याने होणार नाही असं त्याला वाटलं. बुद्धाने त्याला विचारलं, घरी असताना तू वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणलेल्या असल्या तर वाजायची का? नाही. फार सैल असल्या तर? नाही.

ती गोष्ट मी भाचीला सांगितली नाही. ती खुंटी पिळत होती, मग मणी सरकवत होती, मग घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे. प्रत्येक वेळी तार छेडायची आणि कान देऊन थांबायची. खर्जाची तार काही केल्या लागेना. तिचे डोळे भरून आले, हात थांबला नाही. माझेही भरून आले. "आत्या, जरा बघ ना," ती म्हणाली, "ऐकू येतंय का तुला, अजून थोडी चढी आहे."

मी कान तारेजवळ नेला.